झाडाचं बाशिंग

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि कपाटावरचं एक लांबलचक खोकं दाखवलं. त्यात नाताळचं झाड होतं. प्लॅस्टिकचं, घडीचं, उभं केल्यावर माझ्यापेक्षा हातभर उंच. झाड धड होतं, पण त्याच्यावर टांगायच्या वस्तूंतलं काही उरलं नव्हतं. काचेचे गोळे फुटले होते आणि चकचकीत माळांचं उंदरांनी अंथरूण केलं होतं.

"यंदा विकतचं काही आणायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुठ्ठा, कागद, लोकर, मणी, लागेल ते सामान शाळा देईल. सगळं हातानं केलेलं पाहिजे. तुम्हाला जमतंय की."

मॅडम ख्रिस्ती, पण जन्म आणि शिक्षण कोल्हापुरातच झालेलं. त्यामुळे त्यांच्या तोंडी हुकूमसुद्धा असा 'की' लावूनच यायचा. मला जमेल असं त्यांना का वाटलं, ते मला ठाऊक होतं. शाळेत मी मराठी शिकवते आणि आठवड्यातून दोन तास हस्तकला. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "हस्तकला कुठे शिकलात?" मी सांगितलं होतं, "घरी. आमच्या घरी बाशिंगं करतात."

ते अर्धंच खरं होतं. तेव्हा आमच्या घरी बाशिंगं करणं बंद होऊन वर्ष झालं होतं.

आमचं घर पेठ वडगावात, बाजाराच्या एका बोळात. पुढचा सोपा म्हणजे आमचा कारखाना. नवरानवरीच्या कपाळाला बांधायची बाशिंगं, मुंडावळ्या, देवाच्या पालखीला लावायचे गोंडे, असं सगळं तिथं व्हायचं. वडील पुठ्ठा कापायचे, आई चिकटवायची. वडिलांची कात्री एकदा कागदाला लागली की चांदणी पूर्ण होईपर्यंत उचलली जायची नाही. त्यावर बेगड चढवणं, म्हणजे तो पातळ चमकता पत्रा सुरकुती न पडता बसवणं, हे आईचं काम. माझ्याकडे चिंचोके असायचे. भाजलेले चिंचोके फोडायचे, टरफलं काढायची, भिजत घालायचे. मग आई ते वाटून शिजवून त्याची खळ करायची. बाजारचा गोंद तिला चालायचा नाही. त्या खळीचा आंबूस वास माझ्या वह्यांना यायचा, आणि शाळेत शेजारच्या मुली नाक मुरडायच्या.

पण परीक्षा जवळ आली की आईवडील मला सोप्यात येऊ द्यायचे नाहीत. ऐन लग्नसराईत परीक्षा असायची, कामाला हात कमी पडायचे, तरी नाही. आत बस, वाच. दोघंही चौथीच्या पुढे गेली नव्हती. मी कॉलेज वारणानगरला केलं, बी.एड. कोल्हापुरात. पदवीचा काळा गाऊन घातलेला माझा फोटो वडिलांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "कडंला जरीची पट्टी लावली असती तर बरं दिसलं असतं." आमच्या घराण्यातली पहिली पदवी, आणि त्यांना तिची कड राहिलेली दिसली. मला त्याचं हसू आलं होतं. आता आठवलं की वाटतं, त्यांच्याजवळ कौतुक करायची तेवढी एकच रीत होती.

वडील हृदयविकारानं गेले. दिवस उरकले आणि दोन महिन्यांनी लग्नसराई आली. जुनी गिऱ्हाइकं आली. आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, बसली, चहा प्याली, वडिलांच्या आठवणी काढल्या. आणि बाशिंगाचा विषय न काढता उठून गेली. कुणी वाईट वागलं नाही. कुणी तोंडावर बोललं असतं तर मी भांडले असते. पण न बोललेल्या गोष्टीशी भांडायचं कसं?

एक जोड वडील असतानाच सांगितलेला होता. तो आईनं पुरा केला. न्यायला माणसं आली तेव्हा तिनं तो शेजारच्या चाचींच्या घरी पोचवला आणि चाचींच्या हातून दिला. स्वतः आत बसून राहिली. त्याच आठवड्यात तिनं बेगडाचे गठ्ठे, ठसे, कात्र्या पत्र्याच्या पेटीत भरल्या आणि पेटी माळ्यावर चढवली.

पोटाची अडचण नव्हती. माझ्या पगारात आम्हा दोघींचं भागत होतं. अडचण तिच्या हातांची होती. चहाची पुडी संपली की आतला चंदेरी कागद ती नखानं घासून अगदी सपाट करायची, उजेडाकडे धरून बघायची आणि मग चुरगाळून टाकून द्यायची. रोज असं काहीतरी. ते बघवायचं नाही.

मी तिला समजावून पाहिलं नाही असं नाही. विधवांच्या प्रथांवर निबंध लिहून मी कॉलेजात बक्षीस मिळवलं होतं. त्यातली सगळी वाक्यं मी तिला ऐकवली. ती भाकरी थापता थापता ऐकायची. शेवटी एकदा म्हणाली, "तुझं समदं खरं हाय. पर उद्या एखाद्या पोरीचं काय वाईट झालं, तर त्येंच्या मनात माझंच बाशिंग येणार. ते मला नगं."

त्यानंतर तो निबंध मी तिच्यापुढे काढला नाही.

मॅडमनी काम दिलं त्या आठवड्याच्या रविवारी मी पुठ्ठा, रंगीत कागद आणि गोंदाची ट्यूब घेऊन सोप्यात बसले. आई उंबऱ्यापाशी मेथी निवडत होती. मी चांदणी कापली, चिकटवली. गोंद कडेनं बाहेर आला.

"काय करालीस?" आई म्हणाली.

"चांदणी."

"ही चांदणी? कुत्र्यानं चावल्यागत दिसालीया."

मी मुद्दाम वाईट केली होती असं पुढे चाची म्हणाल्या. तसं नव्हतं. पेन आणि खडू धरून माझे हात तसेच झाले आहेत.

"कशाला लागतीया?"

"शाळेत नाताळचं झाड उभं करायचंय. त्याला टांगायला."

"त्यो सण कशाचा?"

"येशूच्या जन्माचा."

"म्हंजे बारसं की," आई म्हणाली. चार काड्या निवडून झाल्यावर तिनं विचारलं, "हे अंगावर कोण घालतंय?"

"कुणी नाही. झाडावरच राहतं."

"माणूस न्हाय?"

"नाही."

"लगीनबिगीन न्हाय न्हवं त्यात कुणाचं?"

"नाही गं आई."

तिनं हातातली काडी निवडून टाकली. मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सरक तिकडं. आणि ती ट्यूब आदी उचल माझ्या म्होरनं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बोळाच्या तोंडाशीच मला खळीचा वास आला. पेटी माळ्यावरून खाली आली होती. स्टुलावर स्टूल ठेवून तिनं एकटीनं ती उतरवली होती. मी रागवायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

तिचा पहिला प्रश्न होता, "डोकं केवढं हाय त्येचं?"

बाशिंगाला नवऱ्याच्या डोक्याचं माप लागतं. ते फुटपट्टीनं घेत नाहीत, दोरा गुंडाळून गाठ मारतात. तिनं मला दोऱ्याचं रीळ दिलं. झाडाच्या बुडाला एक माप, मध्ये एक, शेंड्याला एक. मी शाळेच्या हॉलमध्ये झाडाभोवती दोरा घेऊन फिरत होते, तर आमचे शिपाईमामा दारात उभे.

"टीचर, झाडाला शर्ट शिवताय काय?"

"माप घेतेय मामा."

"घ्या, घ्या. कंबर जरा ढिली ठेवा म्हणावं, सणासुदीला वाढतीया."

तीन गाठींचा दोरा मी आईला दिला. तिनं तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि रोज त्याच्याकडे बघून कामाचा आकार ठरवू लागली. बुडाला मोठं, शेंड्याकडे बारीक. मी मोबाईलवर तिला दुसऱ्या झाडांचे फोटो दाखवले. लाल गोळे बघून ती म्हणाली, "लिंबं टांगल्यात व्हय ही? दृष्ट लागू नये म्हणून?" गोळे तिनं साफ नाकारले. तिनं चांदण्या केल्या, पोपट केले, अर्ध्या चंद्रकोरी, कमळाच्या कळ्या, खाली लोकरीच्या झिरमिळ्या. आणि न सांगता एक बोटभर लांबीचा पाळणा.

"बाळ झालंय म्हंतीस आन पाळणा न्हाय व्हय?"

वर्गात मी मुलांकडून लोकरीचे गोंडे आणि मण्यांच्या माळा करून घेत होते. पण झाड उठून दिसणार होतं ते आईच्या कामानं, हे मला माहीत होतं. ते काम बघताना मी पुन्हा लहान व्हायचे. पुठ्ठ्यावर रंगीत कागद, त्यावर बेगड, त्यावर मणी. आणि पाठीला जुनी लग्नपत्रिका. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. बाशिंग सांगायला येणारा माणूस आमंत्रणाची पत्रिका ठेवून जातोच. पेटीत अशा पत्रिकांचा ढीग होता. जाड कागद, पाठीला ताठपणा येतो. छापलेल्या गुळगुळीत बाजूला खळ धरत नाही, म्हणून कोरी बाजू आत चिकटवायची आणि छापलेली बाहेर ठेवायची. बाशिंगाची पाठ कपाळाला टेकते. ती कुणी बघत नाही. मी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत बघतच वाढले, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पत्रिका कापून आईच्या हातात द्यायला मीच बसत होते.

त्या तीन आठवड्यांत आई बदलली असं मी म्हणणार नाही. पण तिचं बोलणं वाढलं. चाचींना हाक मारून ती काम दाखवायची. चाची म्हणायच्या, "माशाल्ला, पोपट बोलायलाच लागंल आता." एकदा मी विचारलं, "मग यंदा लग्नसराईला घेणार का काम?" तर तिचा हात थांबला. "झाडाचं झाडाला. माणसाचं येगळं," ती म्हणाली आणि आत गेली. मी पुन्हा विचारलं नाही. पण मनात मी एक ठरवून टाकलं होतं. एवढं झाड नीट होऊ दे. चार माणसं चांगलं म्हणू देत. मग बघू.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता. त्याच्याही आदल्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. आईला घेऊन जायचं ठरलं नव्हतं, पण वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला ती तयार होईना. मोठी पाटी, वर पांढरं धडपं झाकलेलं, ती मांडीवर घेऊन ती खिडकीपाशी बसली. वाऱ्यानं धडपं सरकलं आणि पलीकडच्या बाकावरच्या बाईंना बेगड दिसलं.

"कुणाचं लगीन काढलंयसा, मावशी?"

"झाडाचं," आई म्हणाली.

त्या बाई कोल्हापूर येईपर्यंत पुन्हा बोलल्या नाहीत.

हॉलमध्ये झाड उभं होतं. तिसरी-चौथीची मुलं भोवती बसली होती. मॅडमनी पाटीवरचं धडपं उचललं. एक चांदणी तळहातावर घेतली, खिडकीकडे धरली. मग म्हणाल्या, "मावशी, पहिली तुम्ही लावा."

आईनं पदर ओढून घेतला आणि दोन पावलं मागे सरली. "तुमीच लावा मॅडम. माझं नगं."

"अहो, केलंय तुम्ही."

"केलं ते केलं. पहिलं तुमी लावा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना कळलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी चांदणी फांदीला अडकवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मुलं एकेक वस्तू घेऊन टांगू लागली. आई भिंतीला टेकून उभी होती. अर्ध्या तासात झाड भरलं. खरंच सांगते, आमच्या शाळेत तेवढं देखणं काही मी पाहिलं नव्हतं.

मग मामांनी खिडक्या उघडल्या.

वारा आला आणि सगळं झाड हळूहळू फिरलं. म्हणजे झाड जागेवरच होतं, दोऱ्याला टांगलेल्या वस्तू फिरल्या. एकेका चांदणीनं, एकेका पोपटानं वळून पाठ दाखवली. क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मामा पुढे वाकले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"'आमचे येथे श्रीकृपेकरून...' ओ टीचर! कुणाचं लगीन हाय ह्ये? जेवण हाय का न्हाय?"

चौथीतल्या एका मुलीनं दुसरी बाजू पकडली. "टीचर, इथे लिहिलंय, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'"

सगळा हॉल हसला. मुलं झाडाभोवती पळत वाचू लागली. सहकुटुंब, सहपरिवार. स्थळ, घरासमोरील मांडव. कृपया आहेर आणू नये. मीही हसले असते. पण मी आईकडे पाहिलं.

ती हसणाऱ्या कुणाकडे बघत नव्हती. ती झाडापाशी आली आणि एकेक वस्तू काढून पाटीत ठेवायला लागली. घाईनं नाही, पण न थांबता. मी जवळ गेले तेव्हा माझ्यापुरतंच म्हणाली, "बघितलंस? म्हणून म्हणत हुते नगं. माझा हात लागला की असंच हुतंय."

तीन आठवडे मी जे रचत आणलं होतं, ते डोळ्यांदेखत पाटीत परत चाललं होतं. ही पाटी घरी गेली की पेटी माळ्यावर जाणार, आणि आता ती कधीच खाली येणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

पण मॅडमना ते ऐकू गेलं होतं.

"हात हात काय लावलंय मावशी?" त्या सरळ म्हणाल्या. "कपाळाला बांधलं की पाठ दिसत न्हाय. झाडाला टांगलं की दिसती. एवढंच झालंय. तुम्ही झाड कधी बघितलं नव्हतं, तुमची काय चूक? ही चूक आमच्या टीचरची." आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही झाड बघितलंवतं न्हवं?"

"हो मॅडम."

"भोवती फिरून मापसुद्धा घेतलंवतं म्हणे."

"हो."

"मग झाडाला चारी बाजू असतात हे ध्यानात आलं न्हाय?"

मुलांच्या समोर मला असं कुणी बोललं नव्हतं. माझा चेहरा तापला. आणि तेवढ्यात आई मध्ये आली.

"पोरीला बोलू नगा मॅडम," ती म्हणाली. आवाज सोप्यातला होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. "तिला ह्यातलं काय कळत न्हाय. ती शिकाय गेली. काम माझं हाय. पाठीचं मी बघायला पायजे हुतं."

"मग बघा की आता," मॅडम म्हणाल्या.

आईनं पाटीतला पोपट उचलून उलटा केला, पाठीवर अंगठा फिरवला. मी तो अंगठा ओळखत होते. ती आता चुकीकडे बघत नव्हती, कामाकडे बघत होती.

"रंगीत कागद हाय काय?"

"हाय की."

"पीठ? मैदा असला तर मैदाच. चिंचोकं काय तुमच्यात मिळायचं न्हाईत."

"मामा," मॅडम म्हणाल्या, "कोपऱ्यावरनं मैदा आणा."

ज्या शेगडीवर आमचा चहा होतो, तिच्यावर आईनं खळ चढवली. मामांच्या हातात पळी दिली. ते ढवळत ढवळत म्हणाले, "आक्का, पिठलं झालं ओ हे. कांदा टाकू?"

"गाठी पडू देऊ नगा, मग कांदा टाका," आई म्हणाली.

दुपारभर हॉलमध्ये सतरंजीवर कारखाना बसला. मुलांच्या पुढ्यात एकेक वस्तू पालथी. आई मधोमध मांडी घालून बसलेली. माझ्या इंग्रजी शाळेतल्या पोरांना ती वडगावच्या भाषेत झापत होती आणि ती पोरं निमूटपणे ऐकत होती.

"बोटानं न्हाय, तळव्यानं दाब. व्हय, असं. ए शानी, कड सुटली बघ तुझी."

"सॉरी आजी."

"सॉरीचं काय करू? चिकटीव."

एकानं विचारलं, "आजी, ही पत्रिका झाकायची? छान आहे की."

"झाक. लगीन झालंय त्येचं कवाच."

मी कागद कापत होते. आईनं दोनदा माझी कात्री काढून घेतली आणि कापून परत दिली. तिसऱ्यांदा परत दिलीच नाही. मी मग मुलांना पाणी देत फिरले.

पहिला पोपट वाळला. आईनं तो दोऱ्याला धरून उचलला, फिरवला, तोंड वाकडं केलं. "हातात कळत न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली, उठली आणि झाडापाशी गेली. झाड तेव्हा अगदी मोकळं होतं, सगळं उतरवलेलं. तिनं डोळ्यांच्या उंचीची एक फांदी निवडली, दोरा अडकवला, गाठ मारली. पोपटाला बोटानं हलकं ढकललं. तो एकदा फिरला, दोनदा फिरला. पुढून बेगड, मागून हिरवा कागद. ती बघत राहिली, मग म्हणाली, "दोरा डोक्यातनं न्हाय, पाठीतनं घ्याया पायजे. म्हंजे कमी फिरतंय," आणि पुढच्या वस्तूकडे वळली.

झाडावरचं ते पहिलं होतं. तिच्या ध्यानातही आलं नाही. मॅडम दारात उभ्या होत्या, आमची नजरानजर झाली. त्या वेळी एक शब्द कुणी उच्चारला असता तर तिनं पोपट परत काढला असता, असं मला अजून वाटतं.

कागद शेवटी कमी पडला. दहाबारा वस्तू पत्रिकेसहच राहिल्या, त्या भिंतीकडच्या बाजूला टांगल्या. पाळणा मॅडमनी शेंड्याजवळ बांधायला सांगितला, पण तो आईनं खालच्या फांदीला बांधला. वर बांधला तर झोका कोण देणार, हे तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला ती आली नाही. "बघितलं की काल," म्हणाली. मी तिला फोटो दाखवले तर फोटोतही ती एका चांदणीची सुटलेली कड शोधत होती.

माझा निबंध खोटा होता असं मला म्हणायचं नाही. शिकले म्हणूनच मी त्या शाळेत होते, आणि मी तिथं होते म्हणूनच ते झाड आमच्या घरी आलं. शिक्षणाचे उपकार मी विसरणार नाही. पण आईला जे पटलं ते माझ्या वाक्यांनी नाही. आपल्या हातून झालेलं वाईट काम आणि आपल्या हाताचं वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पिठाच्या खळीनं भरलेल्या हातांनी कळलं. मला शिकवता आलं नसतं. मी स्वतःच ते त्या दिवशी शिकले.

पेटी माळ्यावर गेली नाही. पण सोप्यात नुसतीच पडून होती. संक्रांत झाली. मग एका रविवारी सकाळी जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावातून एक गृहस्थ आले. मुलाचं लग्न होतं. वडिलांचं नाव कुणाकडून तरी ऐकून आले होते, ते गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. माझं पेन थांबलं.

"बसा पावणं," आईचा आवाज आला. "मालकांला जाऊन तीन वर्सं झाली. आता काम मी करतीया. एकटी. तुमच्यात चालत असंल तर सांगा, न चालत असंल तरी सांगा. माझा राग न्हाय."

आमच्या घरात ते वाक्य मोठ्यानं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. गृहस्थ चाचरले. "तसं... मला काय न्हाय ओ. पर घरात इचारतो आन सांगतो."

"इचारा की."

ते गेले. मी तरातरा बाहेर आले. "विचारतो म्हणे! येतोय कशाला परत?"

"आला तर आला," आई म्हणाली. "त्येच्या घरचं लगीन हाय, इचारू दे." आणि तिनं पेटीतला पुठ्ठा काढून ऊन खायला अंगणात ठेवला. सादळला होता म्हणे.

आठवडाभर कुणी आलं नाही. मी रोज संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ती म्हणायची, "काय बघालीस? न्हाय आलं."

पुढच्या रविवारी ते आले. सोबत त्यांची बायको होती, ठसठशीत कुंकू लावलेल्या, आवाजानं घर भरून टाकणाऱ्या बाई. मी आत चहाची भांडी घेऊन उभी राहिले, आता काय बोलणं होतंय ते ऐकत. त्या बाईंनी इकडचं तिकडचं काही न विचारता पेटीतली नमुन्याची जुनी बाशिंगं हातात घेतली, वळवली, पुढून बघितली, मागून बघितली.

"बाशिंगावरचा मोर हिरवा पायजे बघा," त्या म्हणाल्या.

"मोर निळा असतोय," आई म्हणाली.

"आमच्यात हिरवाच बांधत्यात."

"हिरवा मोर कुठं बघितलासा तुमी?"

"बघायचं काय त्यात? माझ्या लग्नातला हिरवाच हुता."

"मग पोपट असंल त्यो."

मी दाराच्या जवळ सरकले. मग त्या बाई खोखो हसल्या. "अगं बया! लईच तिखट हायत की ह्या!" आणि पाट ओढून नीट मांडी घालून बसल्याचा आवाज आला. "बरं, निळा करा. पर गळ्याला तरी हिरवं घाला."

"गळ्याला घालते. पिसाऱ्याला मागू नगा."

"पिसाऱ्याला थोडं."

"न्हाय."

गृहस्थ मध्ये काहीतरी बोलायला गेले, तर दोघींनी त्यांना गप्प केलं. मी चहाचं आधण ठेवलं. बाहेरून आईनं ओरडून सांगितलं, साखर बेतानं टाक, पावण्यांच्या घरचं माणूस आधीच गोड बोलतंय, आणि येताना मोठी कात्री घेऊन ये.